पेटी, तबला आणि सूत्रधार
संगीत नाटकाच्या संक्षिप्त प्रयोगाची परंपरा

मराठी कुटुंब आपला मुलूख सोडून दूर जाऊन स्थिरावले की त्याच्या मागोमाग गणपती येतो, आणि गणपतीच्या मागोमाग नाटक येते. ज्या ज्या गावी चार मराठी घरे एकत्र आली, तेथे तेथे हा क्रम घडलेला दिसतो. संगीत नाटक मात्र इतक्या सहजी प्रवासाला निघत नाही. त्याला गाणारे नट हवेत, ऑर्गन हवा, सारंगी हवी, राजवाडा आणि उपवन दाखविणारे पडदे हवेत, आणि सर्वांत मुख्य म्हणजे दोन-तीन महिने रोज एकत्र येऊन तालीम करणारी वीस-पंचवीस माणसे हवीत. महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांना हा संभार क्वचितच परवडतो. म्हणून गेल्या कित्येक वर्षांत एक निराळा प्रकार रूढ झाला आहे. व्यासपीठावर एक पेटी, एक तबला, चार-सहा गायक-गायिका आणि एक निवेदक. निवेदकाने कथा सांगावयाची, गायकांनी निवडक पदे म्हणावयाची, एखाद-दुसरा प्रवेश उभ्याने करावयाचा, आणि दोन तासांत 'सौभद्र' संपवावयाचे.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. काही जाणकारांच्या मते ही नाटकाची चिरफाड आहे. पदे वेगळी काढली की नाटक उरत नाही. उलट कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, पूर्ण नाटकाचा आग्रह धरला तर काहीच होणार नाही. हा वाद केवळ पंडितांचा नाही. सेक्टर ६ च्या परिसरात वाढणाऱ्या आमच्या मुलानातवंडांना किर्लोस्कर, देवल आणि गडकरी भेटावयाचे असतील, तर ते बहुधा याच रूपात भेटतील. तेव्हा हे रूप कोठून आले, त्यात काय टिकते आणि काय निसटते, याचा विचार मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करणे अप्रस्तुत ठरू नये.

एकटा गाणारा सूत्रधार

संगीत नाटक जन्मले ते भरजरी वेषात, अशी आपली समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. मराठी रंगभूमीच्या मागे उभी आहे ती कीर्तनाची परंपरा. कीर्तनकार एकटा उभा राहतो. मागे झांज, मृदंग किंवा पेटी-तबला एवढीच साथ. तोच कथा सांगतो, तोच द्रौपदी होतो, तोच दुःशासन होतो, आणि साकी, दिंडी, कामदा, ओवी, अभंग असे नाना छंद गात श्रोत्यांना हस्तिनापुराहून द्वारकेला नेतो. त्याच्याजवळ पडदा नसतो, आणि कोणा श्रोत्याला त्याची उणीव भासत नाही.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हाही गाणे एकाच माणसाकडे होते. सूत्रधार सर्व पदे म्हणे. पात्रे येऊन आपापले भाषण बहुतांशी उत्स्फूर्तपणे बोलत आणि अभिनय करीत. म्हणजे कथेचे सूत्र आणि गाणे सूत्रधाराच्या हाती, आणि संवाद पात्रांच्या तोंडी, अशी वाटणी होती. आजच्या संक्षिप्त प्रयोगातील निवेदक ही कोणा हौशी कार्यकर्त्याची नवी कल्पना आहे असे समजण्याचे कारण नाही. तो याच सूत्रधाराचा दूरचा वंशज आहे.

ही वाटणी मोडली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि तेथे प्रथमच पात्रे स्वतः गाऊ लागली. पारशी मंडळींचा 'इंद्रसभा'सारखा गायनप्रधान खेळ पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. परंतु चाली त्यांनी बव्हंशी आपल्या घरच्याच घेतल्या. कीर्तनातील साकी-दिंडी, लावणी, कर्नाटकी पदांच्या चाली यांवर ते नाटक उभे राहिले. दोनशेच्या आसपास पदे असलेले हे नाटक रात्रभर चाले. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले; त्याचेही प्रथम तीनच अंक झाले आणि पूर्ण नाटक पुढील वर्षी रंगभूमीवर आले. मराठी संगीत नाटकाच्या या दोन्ही आद्य कृती प्रथम अपुऱ्या रूपातच प्रेक्षकांपुढे आल्या, आणि प्रेक्षकांनी त्या अपुऱ्या रूपातही डोक्यावर घेतल्या, ही गोष्ट पूर्णत्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वैभवाचा काळ

किर्लोस्कर १८८५ साली निवर्तले. पुढची तीस-पस्तीस वर्षे संगीत नाटकाच्या विस्ताराची. देवलांचे 'शारदा' १८९९ मध्ये इंदूरला प्रथम रंगले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले. गोविंदराव टेंबे यांनी त्याला हिंदुस्थानी बंदिशींच्या चाली दिल्या आणि रंगभूमीवर मैफल अवतरली. १९१६ साली 'स्वयंवर' आले, त्याला भास्करबुवा बखले यांचे संगीत लाभले. पदांची संख्या शाकुंतलाच्या मानाने फार घटली, परंतु एकेक पद लांबले. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' मिळत आणि ते प्रत्येक वेळी नव्या जागा घेऊन तेच पद पुन्हा फुलवीत. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. खरे शालू, खरे दागिने, अत्तराचा सुगंध, मखमली पडदे या थाटापायी गंधर्व नाटक मंडळी कर्जबाजारी झाली, हाही इतिहासच आहे.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन गायकनट एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे निधन झाले. त्या रात्रीचे वर्णन मराठी माणूस आजही आपल्या आजोबांनी ती पाहिली असावी अशा थाटात करतो. पण विचार केला तर त्या रात्रीही लोक गेले होते ते मुख्यतः धैर्यधर आणि भामिनी यांची पदे ऐकण्यास. कथा सर्वांना मुखोद्गत होती. नाटकात राहूनच पद नाटकापासून सुटे होऊ लागले होते.

पद सुटे झाले

हे सुटणे यंत्राने पुरे केले. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटे वाजे. रंगभूमीवर अर्धा तास रंगणारे पद त्या तीन मिनिटांत बसवावे लागले. गायकांनी आलाप आखडले, ताना निवडल्या, दुसरा अंतरा गाळला. संक्षेपाचा पहिला धडा मराठी गायकांनी ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. ज्यांनी बालगंधर्वांना रंगभूमीवर कधीच पाहिले नाही, त्यांनी या तबकड्यांवरून त्यांची गायकी आत्मसात केली.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि गाणारे नट चित्रपटाकडे वळले. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने थोड्या गाण्यांचे, घरगुती बैठकीतील नाटक समोर ठेवले. १९३५ साली स्वतः बालगंधर्व 'धर्मात्मा' या बोलपटात दिसले. मोठ्या नाटक मंडळ्या एकामागून एक मिटत गेल्या. जयराम आणि जयमाला शिलेदार यांच्यासारख्यांनी जुनी संगीत नाटके पूर्ण रूपात गावोगाव नेण्याचे व्रत चालू ठेवले, आणि त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी २०२२ मधील आपल्या निधनापर्यंत ते निष्ठेने पाळले. पण असे व्रतस्थ थोडे.

नाटके थांबली तरी पदे थांबली नाहीत. ती मैफलीत गेली. हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांच्यासारखे कलावंत ख्यालानंतर नाट्यपद म्हणत आणि श्रोते त्याचीच वाट पाहत बसत. आकाशवाणीने नाट्यसंगीताला स्वतंत्र वेळ दिला. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भातील घराघरांत ही पदे पोहोचली. याच मालिकेत एक प्रयोग असा झाला की, ज्याचा आम्हा प्रांताबाहेरच्या लोकांना विशेष आनंद वाटावा. देवासला राहणाऱ्या कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सिद्ध केला. वेष नाही, पडदा नाही, नक्कल तर नाहीच नाही. एका गायकाने दुसऱ्या गायकाची नाट्यपदे आपल्या गळ्यातून पुन्हा उलगडून दाखविली. ज्यांची मातृभाषा कन्नड, वास्तव्य माळव्यात, अशा कलावंताने मराठी रंगभूमीचे मर्म मैफलीत उभे केले.

दुसरे उदाहरण 'गीतरामायणा'चे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते प्रसृत झाली. नभोवाणीवर निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे आवाज होते. पुढे सुधीर फडके तीच गीते जाहीर कार्यक्रमांत एकटे म्हणू लागले. पेटी पुढ्यात, आणि राम, कौसल्या, शूर्पणखा, हनुमान सारे एका कंठात. कोणाही श्रोत्याने 'सीता कोठे आहे?' असे विचारले नाही. मराठी मन कीर्तनाच्या तालमीत तयार झालेले असल्यामुळेच हे शक्य झाले. योगायोग असा की, ज्या १९५५ सालच्या फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला, त्याच वर्षीच्या रामनवमीस हे गीतरामायण सुरू झाले. आपले नगर आणि ते काव्य समवयस्क आहेत.

शेजारचे दाखले

आपले भिलाई हे तसे नव्या काळाचे गाव. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येऊन या सेक्टरांतील क्वार्टरांत राहू लागली. छत्तीसगडाशी मराठी भाषेचा संबंध मात्र त्याहून बराच जुना. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता आणि बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. पुढे मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर आणि दुर्ग हे सुमारे २६५ किलोमीटरचे अंतर एका बैठकीच्या प्रवासाचे केले.

तरीही पूर्ण संगीत नाटकास कारखान्याचे नगर फारसे अनुकूल नसते. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी या चक्रात पंधरा नट एका वेळी मोकळे सापडणे दुर्घट. अर्जुन रात्रपाळीला आणि कृष्ण पहिल्या पाळीला, अशा स्थितीत द्वारकेची तालीम व्हावी कशी? त्या मानाने सहा जणांची बैठक एखाद्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, पेटीभोवती, रविवारी सकाळी जमू शकते. संक्षिप्त प्रयोगाचे एक मूळ असे आमच्या दैनंदिन जीवनातच आहे.

आणि या मातीत तर त्याला थोर दाखला आहे. छत्तीसगडची पंडवानी म्हणजे एका व्यक्तीने सांगितलेले सबंध महाभारत. हाती तंबुरा, तोच कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. मागे बसलेले साथीदार हुंकार देतात, प्रश्न विचारतात, कथा पुढे ढकलतात. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी ही कला जगभर नेली. त्या आमच्याच पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या, आणि त्यांना पद्मश्री, त्यानंतर पद्मभूषण (२००३) आणि पद्मविभूषण (२०१९) असे सन्मान लाभले. पंडवानी ऐकताना असे जाणवते की, संक्षेप म्हणजे केवळ कमी करणे नव्हे. अठरा पर्वांच्या जागी एक प्रसंग घ्यावयाचा, पण त्या प्रसंगाला पुरेसा वेळ द्यावयाचा, हे तिचे रहस्य आहे.

रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' १९७५ साली गाजले. त्याचे प्रारंभीचे, आखूड रूप भिलाईच्याच उघड्या मंचावर लोकांपुढे आले होते. नाचा परंपरेतील कलावंत, एका बाजूस बसलेले वादक आणि जवळपास रिकामा रंगमंच. तेच नाटक १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिकास पात्र ठरले. आमच्या सेक्टर ६ मधील कालीबाडीमुळे बंगाली शेजाऱ्यांच्या परंपरेशीही आमचा परिचय होतो. त्यांची जात्राही मुळात पडद्याविना, लोकांच्या मधोमध होणारी.

युरोपातही हे घडलेले आहे. १७३२ साली लंडनमध्ये हँडेल यांची 'एस्थर' ही बायबलातील कथेवरील संगीतकृती नाट्यगृहात होणार होती. चर्चच्या गायक मुलांनी रंगभूमीवर अभिनय करण्यास तेथील बिशपांनी मनाई केली. तेव्हा अभिनयाशिवाय, गायकांनी उभे राहून, ती सादर झाली. अडचणीतून निघालेली ही वाट इतकी रुळली की, इंग्रजी 'ऑरेटोरिओ' त्यातूनच बहराला आला. अलीकडे १९९४ पासून न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये जुनी संगीत नाटके थोड्या दिवसांच्या तालमीवर, वाद्यवृंद रंगमंचावरच बसवून, पहिल्या वर्षांत तर नटांच्या हाती संहिता ठेवून सादर होऊ लागली. त्यांतील 'शिकागो' हे १९९६ चे सादरीकरण लोकांना इतके भावले की, काळे साधे कपडे आणि मंचावरचा वाद्यवृंद तसाच ठेवून ते त्याच वर्षी व्यावसायिक रंगभूमीवर गेले आणि वर्षानुवर्षे चालले. संक्षिप्त रूप कधीकधी मूळ थाटावर मात करते ती अशी.

काय ठेवावे, काय गाळावे

एवढे समर्थन केल्यावर दुसरी बाजू मांडणे प्राप्त आहे. प्रत्येक नाटक सारख्याच रीतीने आटविता येत नाही, आणि येथेच कार्यकर्त्यांची खरी कसोटी लागते.

'एकच प्याला' घ्या. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत आपल्या नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निवर्तले, आणि नाटक पुढच्याच महिन्यात बडोद्यास रंगभूमीवर आले. त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांनी लिहिली आहेत. आता या नाटकाची नुसती पदे निवडून कोणी मैफल केली, तर त्या मैफलीत गडकऱ्यांचा एक शब्दही उरणार नाही! सिंधूची पदे कितीही हृद्य असली, तरी सुधाकराचा अधःपात आणि तळीरामाचे भेदक विनोद हे सारे गद्यात आहेत. गणपतराव बोडसांनी सुधाकर गाजविला तो संवादांवर. अशा नाटकाचा संक्षेप करावयाचा तर पदे चारच घ्यावीत आणि सुधाकराचे दोन प्रवेश पूर्ण करावेत. पदांच्या मोहाने उलटे करणे म्हणजे नाव गडकऱ्यांचे घेऊन गडकऱ्यांनाच दाराबाहेर ठेवणे होय.

'सौभद्र'ची गोष्ट निराळी. त्यातील पदे कथेतच विणलेली आहेत. अर्जुनाची व्यथा, सुभद्रेची तगमग, कृष्ण-रुक्मिणीचा लडिवाळ संवाद हे पदांतूनच पुढे सरकते. परंतु त्यातील विनोद गद्यात आहे. भोळा बलराम त्रिदंडी संन्याशाला, म्हणजे प्रत्यक्ष अर्जुनालाच, सन्मानाने घरी आणतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेस ठेवतो. निवेदकाने हे एका वाक्यात उरकले, तर मुले हसणार नाहीत. तो प्रवेश बोलून दाखविलाच पाहिजे. त्यासाठी पडदा नको. एक भगवे वस्त्र आणि एक दंड पुरतो.

'शारदा' ही मंडळांना देवलांनी दिलेली देणगीच आहे. चाली सोप्या, भाषा घरगुती, आणि मुलींच्या समूहाला गाता येण्याजोगी पदे. जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मुलांना समजावून देण्यास निवेदकाची चार वाक्ये पुरतात, आणि मुलींनीच ती सांगितली तर अधिक परिणाम होतो.

आणि 'कट्यार काळजात घुसली'. १९६० च्या 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला'पासून संगीत नाटकाला जे नवे चैतन्य आले, त्यात 'मंदारमाला', 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी' यांच्या पाठोपाठ १९६७ साली हे नाटक आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब आफताब हुसेन साकारणारे डॉ. वसंतराव देशपांडे वैदर्भीय, आणि संगीत गोव्याच्या मातीतील जितेंद्र अभिषेकी यांचे. दोन घराण्यांचा संघर्ष हाच या नाटकाचा विषय असल्यामुळे नाट्य गाण्यातच घडते. खाँसाहेब आणि पंडित भानुशंकर यांची गायकी लागोपाठ ऐकविली की संघर्ष आपोआप उभा राहतो. संक्षिप्त प्रयोगास याहून अनुकूल नाटक सापडणे कठीण. मात्र गळे तयार हवेत. येथे उणीव झाकावयास पडदाही नसतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी नमूद करणे उपयोगाचे होईल. पहिली वेळेची. बारा पदे, प्रत्येकी सहा मिनिटे, म्हणजे बहात्तर मिनिटे, दोन प्रवेश मिळून पंचवीस, निवेदन वीस. सारे मिळून दोन तासांत बसते. पदे अठरा केली की निवेदन आणि प्रवेश चिरडले जातात आणि उरते ती केवळ गाण्यांची यादी. दुसरी गोष्ट सुरांची. बालगंधर्वांच्या काळी नायिकाही पुरुषच असल्याने नायक-नायिकेचे स्वर जवळजवळचे असत. आता गायक काळी एकमध्ये आणि गायिका काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये गातात. तेव्हा दोन स्वरांचे दोन तबले आधीच लावून ठेवावे लागतात; नाही तर ऐन प्रसंगी हातोडीची ठोकठोक ऐकत सुभद्रेला ताटकळावे लागते. द्वंद्वपदांसाठी मधला स्वर तालमीतच ठरवावा.

निवेदकाविषयी थोडे अधिक. आमच्या मते साऱ्या प्रयोगाचा भार याच्यावर असतो, आणि नेमकी हीच जागा अखेरच्या दिवशी कोणालाही दिली जाते. निवेदकाने रागाचे नाव, तालाचे नाव, कवीचे जन्मवर्ष यांत वेळ दवडू नये. पद सुरू होण्यापूर्वीच्या क्षणी ते पात्र कोठे उभे आहे, कोणाशी बोलत आहे आणि त्याला काय हवे आहे, एवढे त्याने सांगावे. भाव्यांचा सूत्रधार हेच करीत असे. पदातील अवघड संस्कृत शब्दांचा अर्थ कथेच्या ओघातच सांगितला, तर हिंदी आणि इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या मुलांना ते पद परके राहत नाही.

पुढील वाट

पूर्ण नाटकाची जागा संक्षिप्त प्रयोग घेऊ शकतो काय? आमचे उत्तर 'नाही' असेच आहे. पात्राची रंगभूमीवर हळूहळू होणारी घडण, दोन पदांमधली शांतता, दुसऱ्या अंकात पेरलेले शेवटच्या अंकात उगवणे, या गोष्टी मैफलीत येत नाहीत. पण संक्षिप्त प्रयोग पूर्ण नाटकाची भूक निर्माण करू शकतो, आणि भूक असेल तर अन्न शोधले जाते. २०१० साली राहुल देशपांडे यांनी 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आणले आणि २०१५ साली त्यावर चित्रपट आला. ज्या तरुणांनी त्या नाटकाचे नावही ऐकले नव्हते ते त्याची पदे गुणगुणू लागले. ती पदे मधल्या चाळीस वर्षांत मैफलींतून आणि मंडळांच्या कार्यक्रमांतून जिवंत राहिली नसती, तर ती पुन्हा उचलून घेणारे गळे कोठून आले असते?

आपल्या मंडळापुढे म्हणून दोन विनंत्या ठेवाव्याशा वाटतात. दर वर्षी एक संगीत नाटक संक्षिप्त रूपात व्हावे. आणि त्यासाठी केलेली संहिता, म्हणजे कोणती पदे घेतली, कोणते प्रवेश ठेवले, निवेदनात काय सांगितले, ती स्वच्छ अक्षरांत लिहून मंडळाच्या कपाटात ठेवली जावी. नोकरीच्या बदल्या होतात, निवृत्तीनंतर माणसे नागपूरला, पुण्याला, मुलांकडे निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या वह्याही जातात. वही येथे राहिली तर पुढच्या मुलांना आरंभापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि दुसरी विनंती अशी की, प्रत्येक संक्षिप्त प्रयोगात एक तरी पद आणि एक तरी भूमिका बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलीकडे असावी, मग सूर थोडा हलला तरी चालेल.

किर्लोस्करांनी चार अंकांवर पडदा उघडला होता. आपणही आपल्या हाती असेल तेवढ्यावर उघडावा. पेटी तयार आहे, तबला लावलेला आहे, येत्या गणेशोत्सवास अद्याप अवकाश आहे. सूत्रधाराने पुढे यावे.